एक नाव, अनेक ठिकाणे : स्थानवंदन आणि अन्यव्यावृत्ती



असन्निधानाच्या काळात साधकाला जे आधार उरले आहेत, त्यांत स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारांची थोरवी परमार्गात सांगितली आहे. त्यांच्या जोडीला नित्याचे नामस्मरण आहे. प्रभूंची श्रीमूर्ती आज डोळ्यांपुढे नाही. जेथे श्रीचरण लागले ती भूमी आहे आणि मुखात नाम आहे. म्हणजे साधकाची सारी वाटचाल नामाच्या आणि स्थानाच्या आधाराने चालते. स्थानही पुन्हा नावानेच विचारावे लागते. वाटसरू गावाचे नाव घेतो आणि मग कोणी वाट दाखवतो.

परंतु नावाचा स्वभाव असा आहे की ते एकापाशीच राहत नाही. एक नाव दहा गावांना असते, दोन नद्यांना असते, राजाला असते, देवतेला असते आणि ईश्वरालाही असते. तेव्हा नाव एक आणि नामी अनेक अशी स्थिती आली असता साधकाने इष्ट वस्तूपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न उभा राहतो. सूत्रपाठातील एका प्रकरणाचे नावच ‘अन्यव्यावृत्ती’ असे आहे. अन्य म्हणजे दुसरे, व्यावृत्ती म्हणजे वेगळे काढणे. जे ते नव्हे, त्याला बाजूला सारून जे ते आहे, त्याचा निश्चय करणे, असा त्याचा सरळ अर्थ होय. हा विचार केवळ पंडितांचा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील साधा शेतकरीही तो रोज करीत असतो. त्या जिल्ह्याच्या भूमीवरीलच तीन दृष्टान्त येथे घेतले आहेत.

पहिला दृष्टान्त : देऊळगाव

‘देवकुल’ या संस्कृत शब्दापासून ‘देऊळ’ हा शब्द झाला. जेथे देऊळ ते देऊळगाव. नाव सहज पडले आणि म्हणूनच अनेक ठिकाणी पडले. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे, त्याच तालुक्यात देऊळगाव मही आहे. मेहकर तालुक्यात देऊळगाव माळी आणि देऊळगाव साकर्शा अशी दोन गावे आहेत. लोणार तालुक्यात देऊळगाव कुंडपाळ आहे, सिंदखेड राजा तालुक्यात देऊळगाव कोळ आहे, आणि बुलढाणा शहराजवळ देऊळघाट आहे. एसटीच्या स्थानकावर उभा राहून कोणी नुसते ‘देऊळगाव’ म्हणाला, तर वाहक त्याला विचारतो, “कोणते देऊळगाव?” हा वाहकाचा प्रश्न म्हणजेच अन्यव्यावृत्तीचा आरंभ होय.

येथे दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी. ‘राजा’ हे विशेषण लावल्याने देऊळगाव राजा इतर देऊळगावांपासून वेगळे झाले खरे. परंतु ‘राजा’ हे विशेषण तरी एकाच गावाचे आहे काय? लखुजी जाधवांचे आणि जिजाऊंच्या जन्माने प्रसिद्ध झालेले सिंदखेड राजा आहे, खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा आहे, आणि संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जे सांगते ते मेहुणा राजाही आहे. नुसते ‘देऊळगाव’ म्हटल्याने गाव सापडत नाही आणि नुसते ‘राजा’ म्हटल्यानेही सापडत नाही. दोन्ही एकत्र आली म्हणजे मगच बाकीची गावे गळतात व एक उरते. पिंपळगावाचीही हीच कथा. पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे, पिंपळगाव देवी, पिंपळगाव सराई. पिंपळ सर्वांचा आहे, परंतु वाट एकेकाची वेगळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगावाला शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडून जळगाव जामोद म्हणावे लागले, ते खानदेशातील जळगावाशी गल्लत होऊ नये म्हणून. टपाल खात्यालाही १९७२ साली सहा अंकांचा पिन कोड काढावा लागला, कारण गावांची नावे सारखी पडून पत्रे भलत्या गावी जात होती.

पत्र भलत्या देऊळगावी गेले तर चार दिवसांनी परत येते. साधकाचे आयुष्य भलत्या ठिकाणी गेले तर ते परत मिळत नाही.

दुसरा दृष्टान्त : दोन पूर्णा

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. पहिली उत्तरेची. ती सातपुड्यात उगम पावते, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून येते, शेगाव, नांदुरा, मलकापूर या बाजूच्या सपाट काळ्या मुलखातून पश्चिमेला वाहत जाते आणि जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. तिच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. तेथे विहिरीचे पाणी खारट लागते. दुसरी दक्षिणेची. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जालना जिल्ह्यातून बुलढाण्याच्या दक्षिण भागात येते आणि पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. खडकाळ पात्रामुळे हिला या भागात खडकपूर्णा म्हणतात. देऊळगाव मही हिच्याच काठच्या मुलखात आहे. याशिवाय परभणी जिल्ह्यात पूर्णा नावाचे गाव व रेल्वेचे जंक्शनही आहे. तो तिसरा नामी.

आता दोन्ही नद्यांचा शेवट पाहावा. तापी पश्चिमेला अरबी समुद्रास मिळते, गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच जिल्ह्यात, एकाच नावाच्या दोन प्रवाहांत दोन पाने सोडली, तर एक पान पश्चिम समुद्राकडे जाईल आणि दुसरे पूर्व समुद्राकडे. नाव सारखे म्हणून गती सारखी होत नाही. पाण्याला नाव ठाऊक नसते. त्याला उतार ठाऊक असतो.

लीळाचरित्र वाचणाऱ्यालाही असाच अनुभव येतो. त्यात ‘गंगा’ म्हटले म्हणजे बहुधा गोदावरी समजावी लागते. ‘गंगातीर’ म्हणजे गोदातीर. ज्याला हे ठाऊक नाही, तो प्रभूंच्या लीळा उत्तरेत काशीकडे नेऊन ठेवील. मेहकर जिच्या काठी आहे ती पैनगंगा, विदर्भाच्या पूर्वेची ती वैनगंगा. गंगा हे नाव तीनही ठिकाणी आहे, परंतु वाचकाने प्रसंग पाहून नदी ओळखावी.

तिसरा दृष्टान्त : लोणार

देऊळगावांत आणि पूर्णांत एकाच जातीच्या वस्तूंना एक नाव होते. गावाला गावाचे, नदीला नदीचे. लोणारला वेगवेगळ्या जातीच्या वस्तू एका नावाखाली येतात. लोणार हे शहर आहे, लोणार हा तालुका आहे, लोणार हे सरोवर आहे. सरोवर ज्या विवरात आहे त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर. कठीण काळ्या पाषाणावर आकाशातून उल्का आदळून ते झाले, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याच्या वयाच्या मोजणीत सुमारे ५० हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंतचे आकडे निघाले आहेत. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे; ‘लोणार’ या नावाचे नाते ‘लवण’ या शब्दाशी आहे. पुढे खगोलवेत्त्यांनी मंगळ ग्रहावरील एका विवरालाही हेच नाव दिले. त्या लोणारात तळे नाही, गाव नाही, वंदन करणाराही कोणी नाही.

२०२० मध्ये लोणार सरोवराला ‘रामसर स्थळ’ म्हणून मान मिळाला. हे ऐकून एखाद्या भाविकाला वाटावे की हे रामाचे सरोवर, प्रभू रामचंद्र येथे आले असावेत. वस्तुतः रामसर हे इराण देशातील कास्पियन समुद्राकाठचे एक शहर आहे. पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार तेथे १९७१ साली झाला, म्हणून त्या यादीला ते नाव पडले. कानाला राम ऐकू आला, परंतु वस्तू हजारो कोसांवरची निघाली. नावाचा अर्थ स्वतःच्या मनाने लावणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

याच लोणारला प्रभूंचे श्रीचरण लागले आहेत. यादव राजा कान्हरदेव याची भेट लीळाचरित्रात लोणारी सांगितली आहे. कान्हर म्हणजे कृष्ण. देवगिरीच्या त्या राजाला श्रीकृष्णाचे नाव होते, सिंहासन होते, सेना होती. ज्यांच्यापुढे तो आला ते एकाकी फिरणारे होते. परंतु पंचकृष्णांतील एक अवतार तेच होते. नाव राजापाशी होते, नामी त्याच्यासमोर होता.

आणि येथेच साधकाला सर्वांत अधिक सावध राहावे लागते. लोणारात दैत्यसूदनाचे प्राचीन आणि कोरीव मंदिर आहे. लवणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने येथे मारले, अशी स्थानिक कथा आहे. विष्णूच्या हाती चक्र असल्यामुळे लोक विष्णूलाही ‘चक्रधर’ आणि ‘चक्रपाणी’ म्हणतात. परमार्गात मात्र श्रीचक्रधर म्हणजे सर्वज्ञ प्रभू आणि श्रीचक्रपाणी म्हणजे द्वारावतीचे श्रीचांगदेव राऊळ. तेव्हा परगावचा एखादा नवा वासनिक लोणारला उतरला आणि त्याने “चक्रधराचे स्थान कोठे?” एवढेच विचारले, तर सांगणारा त्याला सद्भावनेने विष्णूच्या मंदिरापाशीही नेऊन उभे करील. सांगणारा खोटे बोलला नाही, वासनिकाचेही नाव चुकले नाही. चूक एवढीच झाली की अन्यव्यावृत्ती झाली नाही.

दार्ष्टान्तिक

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ शास्त्रात निरनिराळे सांगितले आहेत. ते चारही नित्य आहेत आणि एकाचे दुसरे होत नाही. परंतु शब्दांच्या जगात त्यांची नावे एकमेकांत मिसळतात. ‘देव’ हा शब्द लोक देवतेलाही लावतात आणि परमेश्वरालाही लावतात. ‘कृष्ण’ हे नाव जीवालाही असते. शब्द मिसळले म्हणून पदार्थ मिसळले, असा ज्याचा समज झाला, तो दोन पूर्णांना एक समजणाऱ्या प्रवाशासारखा होय.

उत्तरेच्या पूर्णेच्या काठाने कोणी शेवटपर्यंत चालत गेला, तर तापीच्या संगमावर त्याला चांगदेव याच नावाचे गाव लागते. तेथील मंदिर योगी चांगदेवांच्या नावाने प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरांच्या चरित्रात येणारे चांगदेव ते हेच. फलटणास जन्मलेले, द्वारावतीस सूप आणि खराटा घेऊन रस्ते झाडणारे श्रीचांगदेव राऊळ हे निराळे. नाव एक, व्यक्ती दोन. यांतील व्यावृत्ती ‘राऊळ’ या एका शब्दाने होते. आणि हा ‘राऊळ’ शब्द तरी कसा आहे? ‘राजकुल’ यापासून तो आला. त्याचा अर्थ राजवाडा असा होतो, मंदिर असाही होतो, आणि थोर पुरुषाला लावण्याचा आदरार्थी शब्द असाही होतो. श्रीगुंडम राऊळ, श्रीचांगदेव राऊळ. विशेषण दोघांचे एक, परंतु विशेषण व नाव मिळून निश्चय होतो. देऊळगाव आणि राजा यांच्याविषयी जो नियम दिसला, तोच येथेही लागतो.

हाच नियम पूर्वजांनी स्थानांच्या बाबतीत पाळला. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी स्थानपोथी रचली, तेव्हा त्यांनी गावांच्या नावांची नुसती जंत्री केली नाही. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, देवळाचे दार कोणत्या दिशेला, तेथून स्थान कोणत्या दिशेला, अवस्थान कोठे, आसन कोठे, आरोगणा कोठे, विहरण कोठे, अशा खुणा त्यांनी नोंदविल्या. एका गावाच्या पोटातही अनेक स्थाने आहेत आणि प्रत्येकाचा संबंध वेगळा आहे, हे त्यांनी जाणले होते. गावाचे नाव उद्या दुसऱ्या गावाला मिळेल, आहे त्या गावाचे नाव उद्या बदलेल. परंतु दिशा, अंतर आणि लीळा यांची सांगड राहिली तर स्थान हरवणार नाही, ही त्यामागील दृष्टी होय.

शंका आणि समाधान

येथे कोणी अशी शंका घेईल की, भाव शुद्ध असेल तर नाव-गाव तपासण्याची गरज काय? भलत्या ठिकाणी डोके टेकले तरी भाव ईश्वरालाच पोहोचेल.

त्याचे समाधान असे. शुद्ध भाव ही मोठी गोष्ट आहे आणि परमेश्वर कृपाळू आहे. अजाणतेपणी वाट चुकलेल्याचा उपहास कोणीही करू नये. तो करणारा स्वतःच चुकतो. परंतु भाव जिकडे लावावा तिकडे जातो. ज्याने देवतेला परमेश्वर मानून भजले, त्याला देवतेच्या ठायी जे आहे तेच मिळेल. खडकपूर्णेत सोडलेले पान कितीही निर्मळ असले तरी ते पश्चिम समुद्राला जात नाही. शिवाय जो जाणू शकत असूनही जाणून घेत नाही, त्याच्या भावाला शुद्ध कसे म्हणावे? ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा नीट पत्ता माणूस विचारून घेतोच.

दुसरी शंका अशी की, नावाने जर एवढा घोटाळा होतो, तर नामाचा महिमा व्यर्थ म्हणावा काय?

तसे नाही. ‘देऊळगाव’ हे नाव नसते तर प्रवासी बुलढाण्याच्या दिशेला निघालाच नसता. नाव वाटेला लावते. ज्ञान त्या वाटेच्या शेवटापर्यंत नेते. म्हणून परमार्गात ज्ञानपूर्वक स्मरण सांगितले आहे. नाम घेताना ते कोणाचे, त्यांची लीळा कोणती, चेष्टा कोणती, मूर्ती कशी, हे मनात आणावे. तसे केल्याने तेच नाम इतर नामींना सोडून एका ठायी जाते. लीळाचरित्राचे वाचन आणि नामस्मरण यांची जोड यासाठीच आहे.

तिसरी शंका आजच्या काळाची आहे. उत्तरेच्या पूर्णेवर नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्प होत आहे आणि त्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांचे पुनर्वसन दुसऱ्या जागी केले जात आहे. अशा वेळी माणसे आपल्या गावाचे नाव बरोबर नेतात आणि नव्या वस्तीला तेच नाव देतात. मग एका नावाची दोन गावे होतात. एक पाण्याखालचे किंवा ओसाड पडलेले, दुसरे माळावरचे. कोठे प्रभूंचे स्थान असलेल्या गावावर अशी वेळ आली, तर वंदन कोठे करावे?

याचे उत्तर स्थान या शब्दातच आहे. नाव माणसांचे आहे, म्हणून ते माणसांबरोबर जाते. स्थान श्रीचरणांच्या संबंधाचे आहे आणि तो संबंध त्या भूमीशी झाला आहे; भूमी उचलून नेता येत नाही. पैठण ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. त्यापूर्वी ते औरंगाबाद होते आणि त्याहीपूर्वी निराळे होते. पैठणची स्थाने त्यामुळे तसूभरही हलली नाहीत. गावाच्या नव्या वस्तीत सत्संग व्हावा, स्मरण व्हावे, तेथील भिक्षुक-वासनिकांचा आदर व्हावा. परंतु स्थान म्हणून वंदन जुन्या भूमीलाच करावे. तेथे पाय पोहोचत नसतील तर त्या दिशेला तोंड करून दंडवत घालावे. नव्या जागेलाच मूळ स्थान म्हणण्याची सवय मात्र लागू देऊ नये, कारण दोन पिढ्यांनी ती सवयच परंपरा होऊन बसते.

आचार

या विचारातून काही गोष्टी आचरणात याव्यात. स्थानवंदनाला निघण्यापूर्वी वासनिकाने गावाच्या नावाबरोबर तालुका, नदी आणि जवळचे मोठे गाव विचारून घ्यावे, आणि त्या स्थानी कोणती लीळा झाली ते आपल्या उपदेशी गुरूंकडून ऐकून मगच जावे. लीळा ठाऊक नसताना केलेले वंदन म्हणजे पत्ता न लिहिलेले पत्र होय.

ज्या महात्म्यांना जुन्या खुणा ठाऊक आहेत त्यांनी त्या आजच्या भाषेत लिहून ठेवाव्यात. देवळाचे जुने दार बुजलेले असते, वेस पडलेली असते, पिंपळ वठलेला असतो. रस्ता, ओढा, शिवार आणि गट क्रमांक यांच्या आधाराने तीच खूण नव्याने नोंदली तर पुढच्या पिढीला स्थान सापडेल. मुनिव्यासांनी आपल्या काळात केले तेच हे काम आहे, आणि जाणते वृद्ध एकेक करून कमी होत असताना त्यात दिरंगाई होऊ नये.

दोन गावांत एका स्थानाविषयी वाद उत्पन्न झाला तर हट्टाने भांडू नये. पोथीतील दिशा आणि लीळा यांवरून शांतपणे निर्णय करावा. निर्णय होत नसेल तर दोन्ही बाजूंनी मौन धरावे. वादात द्वेष झाला तर स्थान मिळूनही वंदनाचा लाभ हातून जातो.

शेवटी साधकाने हाच प्रश्न स्वतःलाही लावावा. ‘महानुभाव’ हा शब्द सभांत, पत्रांत, नाटकांत कोणाही थोर माणसाला लावला जातो. तो पंथाचे नाव म्हणूनही आहे. अंगावरचे वस्त्र आणि मुखातील नाम एवढ्यावरून माणूस त्या नावाला पोहोचतो काय, हे प्रत्येक भिक्षुकाने व प्रत्येक वासनिकाने पाहावे. देऊळगावाला ‘राजा’ लागले तेव्हा ते इतरांपासून वेगळे ओळखता आले. तसे महानुभाव या नावाला अहिंसा, वैराग्य आणि अनन्यता यांचे विशेषण आचरणाने लागले पाहिजे. तसे झाले म्हणजे “कोणते महानुभाव?” असा प्रश्न कोणाला विचारावा लागणार नाही.